हॅवलॉकला मुक्काम कुठल्या किनाऱ्यावर? भरती-ओहोटी बघून ठरवलेले सात दिवस

अंदमानची सहल ठरवताना विमान आणि बोटीची तिकिटं पटकन होतात. अडायला होतं ते हॅवलॉक बेटावरच्या मुक्कामाशी. नकाशावर किनारे पाच-सहा, प्रत्येकावर राहायची सोय, आणि फोटो बघावेत तर सगळीकडे तेच निळंशार पाणी. हे फोटो बहुतेक वेळा भरतीचे असतात. त्याच जागी सहा तासांनी काय दिसतं, हे कुणी दाखवत नाही. म्हणून या वेळी किनारे भरतीलाही बघितले आणि ओहोटीलाही. दिवस फेब्रुवारीचे, माघी पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे उधाणाचे. उधाणात पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं, त्यामुळे किनाऱ्याचा खरा स्वभाव याच दिवसांत कळतो.

दिवस पहिला : पोर्ट ब्लेअर

सप्टेंबर २०२४ पासून शहराचं सरकारी नाव श्री विजयपुरम झालं आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलपर्यंत सगळ्यांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच. विमानतळाला सावरकरांचं नाव आहे. मराठी माणूस इथे उतरला की पहिली पावलं सेल्युलर जेलकडेच वळतात. सात पाकळ्यांची ही इमारत १९०६ मध्ये पुरी झाली. आज त्यातल्या तीनच पाकळ्या उभ्या आहेत. सावरकर इथे १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या कोठडीसमोर रांग असते, म्हणून दार उघडताच आत शिरावं आणि आधी तिकडे जावं. गच्चीवरून समोरचा समुद्र दिसतो. त्या काळी कैद्याला तो दिसू नये अशा बेताने कोठडीची खिडकी उंचावर ठेवली होती.

घड्याळाचा हिशेब पहिल्याच दिवशी मनात पक्का करून घ्यायला हवा. अंदमान भारताच्या पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच. फेब्रुवारीत इथे पावणेसहाला सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या आधीच मावळतो. डिसेंबरात तर पाचलाच अंधारून येतं. मुंबई-पुण्याच्या सवयीने चार वाजता चहा घेऊन समुद्रावर निघालात तर हाती तासभरच उरतो. उलट पहाटे साडेपाचला उठलात तर नवाच्या न्याहारीआधी तीन तास मिळतात आणि किनारा जवळजवळ रिकामा असतो.

शहराजवळचा किनारा म्हणजे कॉर्बिन्स कोव्ह. माड आहेत, बसायला बरा आहे, पण समुद्रासाठी आलेल्याने पोर्ट ब्लेअरमध्ये एका रात्रीपेक्षा जास्त थांबू नये. रोख पैसे मात्र इथेच काढून ठेवा. हॅवलॉकच्या बाजारात एटीएम आहे, पण सुट्टीच्या दिवसांत त्यातल्या पैशांचा भरवसा नाही. फोटो असलेलं मूळ ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा, बोटीत चढताना दाखवावं लागतं.

दिवस दुसरा : पाच नंबर, सकाळी अकरा आणि दुपारी साडेतीन

खासगी बोट दीड तासात हॅवलॉकला पोचवते, सरकारी बोटीला अडीच तास लागतात. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं आणि उडणारे मासे दिसतात. खासगी बोटी वातानुकूलित आणि बंदिस्त. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

२०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. किनाऱ्यांना मात्र इथे आजही नंबरानेच ओळखतात. धक्का बेटाच्या उत्तर टोकाला. तिथून एकच रस्ता निघतो आणि गोविंदनगरच्या बाजारापाशी फुटतो. एक फाटा पूर्व किनाऱ्याने विजयनगर, म्हणजे पाच नंबर, आणि पुढे कालापत्थरला जातो. दुसरा फाटा जंगल ओलांडून पश्चिमेला राधानगरला, म्हणजे सात नंबरला. धक्क्यापासून राधानगर साधारण बारा किलोमीटर. बहुतेक हॉटेलं, झोपड्या आणि डायव्हिंगची केंद्रं पूर्वेला, आणि पोहायचा किनारा पश्चिमेला. मुक्कामाचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

विजयनगरला सामान टाकलं तेव्हा सकाळचे अकरा. पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं होतं. ही झाडं समुद्री महुव्याची. आडवी वाढून लाटांवर ओणवी झालेली, खोड दोन माणसांच्या कवेत न मावणारं. पाणी तळ दिसेल इतकं नितळ, लाट जवळजवळ नाहीच. या वेळी जो येतो तो चार रात्रींचे पैसे भरून मोकळा होतो.

साडेतीनला त्याच जागी पाणी नव्हतं. किनाऱ्यापासून दीडशे-दोनशे मीटर सपाट, ओला, खडकाळ तळ उघडा पडला होता आणि समुद्र म्हणजे त्यापलीकडची एक निळी रेघ. बाजूच्या झोपडीतलं एक जोडपं पोहण्याचे कपडे घालून व्हरांड्यातच बसून राहिलं. हॉटेलने फसवलं, असं त्यांना वाटत होतं. फसवणूक काही नव्हती. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, अंदमानात जेमतेम दोन मीटरचा. पण पूर्व किनाऱ्यासमोर जुन्या प्रवाळाचा ओटा आहे आणि तो ताटासारखा सपाट आहे. ताटातलं पाणी दोन बोटं उतरलं तरी सगळं ताट कोरडं पडतं, तसंच हे.

या कोरड्या तळावर पोहता येत नाही, पण बघायला भरपूर आहे. वाळूतल्या इवल्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातलेली असते. बिळापासून चारी बाजूंना सरळ रेघा, आणि जरा सावली पडली की कलाकार आत. डबक्यांत काळ्या समुद्री काकड्या, दगडांच्या फटीत लांब काट्यांचे समुद्री साळिंदर. एका शंखवासी खेकड्याने आपल्या शंखापेक्षा मोठा रिकामा शंख शोधून काढला होता. आधी नांगीने त्याचं तोंड चाचपलं, मग आत नांगी घालून खोली मापली, शंख उलटा करून वाळू झटकली, आणि मग क्षणात आपलं मऊ पोट जुन्यातून काढून नव्यात सरकवलं. चार पावलं चालून बघितलं. पसंत पडलं नसावं, कारण परत जुन्यातच गेला.

इथे अनवाणी चालू नका. जाड तळव्याचे, मागे पट्टा असलेले रबरी बूट हवेत, साध्या चपला चिखलात अडकून राहतात. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही. वाळूच्या पट्ट्यांवरूनच चालायचं, आणि पाणी परत फिरलं की लगेच माघारी वळायचं. सपाट तळावर भरती मागून येत नाही, एकदम सगळीकडून येते.

आता कोष्टकाबद्दल. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. हे गणित अंदमानात जसंच्या तसं चालत नाही, कारण प्रत्येक बंदराला भरती पोचायची वेळ निराळी. इथे पौर्णिमा-अमावास्येला सकाळची भरती दहाच्या सुमारास येते आणि दुपारी चारच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. दुसरा नियम मात्र सगळीकडचाच आहे : रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पोर्ट ब्लेअरच्या भरतीचं तुमच्या एका दिवसाचं कोष्टक बघा, पन्नास-पन्नास मिनिटं मिळवत जा, सगळ्या सहलीचा हिशेब कागदावर येतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, त्यामुळे पूर्व किनारा त्या दिवसांत थोडा सुसह्य होतो.

संध्याकाळी गोविंदनगरच्या बाजारात एका टपरीवर ‘शिंगाडा’ मागवला तर समोसा आला. बंगालीत समोशाला शिंगाडा म्हणतात. आत बटाट्याच्या फोडी आणि शेंगदाणे. इथली वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, १९५० च्या दशकात वसवलेली. टपरीवरचे काका सांगत होते, “आई-वडील कलकत्त्याहून जहाजाने आले, तेव्हा इथे नुसतं जंगल. मी इथलाच.” किनाऱ्यापासून आत शिरलं की भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, केळी आणि प्रत्येक घरापुढे तळं. थेट कोकण म्हणावं, तेवढ्यात ते तळं बंगालची आठवण करून देतं.

पूर्व किनाऱ्यावर जागा शोधताना आमचा अनुभव असा. धक्क्याजवळच्या एक-दोन नंबरला बोटींची ये-जा, तिथे राहण्यात मजा नाही. तीन नंबरला बाजार पायी गाठता येतो, डायव्हिंगची केंद्रं जवळ. ज्यांना पहाटे डायव्हिंगला जायचंय त्यांनी इथेच राहावं. पाच नंबरला वाळू जास्त, झाडं मोठी, सावली भरपूर. लहान मुलं बरोबर असतील तर आमची पसंती यालाच. मुलांना ओहोटीची डबकी पोहण्यापेक्षा जास्त आवडतात आणि भरतीचं पाणीही अंगावर येणारं नाही. कालापत्थर सुंदर आहे, रस्त्याला लागूनच काळे खडक आणि पाचूच्या रंगाचं पाणी, पण जेवायच्या जागा थोड्या आणि संध्याकाळनंतर सामसूम. ते सकाळी जाऊन बघून यायचं ठिकाण, मुक्कामाचं नाही.

पैसे भरण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. पूर्ण ओहोटीला पाण्यापर्यंत किती चालावं लागतं? वीज गेल्यावर जनरेटर खोलीपर्यंत चालतो की फक्त ऑफिसपुरता? नळाचं पाणी गोडं आहे की मचूळ? मच्छरदाणी आहे का? बांबूच्या झोपडीत दाराखालची फट बघा. तीन बोटांची असेल तर रात्री खेकडे पाहुणे म्हणून येतात. झोळी माडांच्या मध्ये बांधलेली असेल तर वर नारळ आहेत का हेही बघून घ्या, आणि असतील तर ती महुव्याला बांधून मागा.

दिवस तिसरा : राधानगर

पौर्णिमा. पहाटे पाचला निघालो, कारण राधानगर रिकामं बघायचं असेल तर सहा ते नऊ हीच वेळ. रस्ता जंगलातला, वळणांचा आणि या वेळी गार. स्कूटर दिवसाला पाच-सहाशेला मिळते. घेताना ब्रेक आणि पुढचा दिवा लावून बघा, कारण परतीचा रस्ता अंधारातला आहे.

झाडीतून बाहेर आलं की एकदम दोन किलोमीटरची कमान समोर येते. वाळू पांढरी आणि पिठासारखी मऊ, तळाला खडक नाही, प्रवाळ नाही, उतार इतका हळू की कमरेएवढ्या पाण्यासाठी बरंच आत चालत जावं लागतं. ओहोटीला पाणी मागे सरतं, पण मागेही वाळूच. म्हणून इथे दिवसाच्या कुठल्याही वेळी पोहता येतं. हॅवलॉकवर असा किनारा हा एकच. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि तेव्हापासून गर्दी वाढत गेली. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेल्या भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत हा होता. कपडे बदलायच्या खोल्या, न्हाणीघरं आहेत आणि स्वच्छ आहेत. जीवरक्षक शिट्टी घेऊन असतो, पोहायची हद्द आखलेली असते. अंधार पडायच्या आधी तो सगळ्यांना पाण्याबाहेर काढतो, आणि त्याच्याशी वाद घालू नये.

कारण इथली मगर खाऱ्या पाण्यातली आहे. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला नील्स कोव्ह नावाचं शांत, हिरवं, डोळ्यांत भरणारं पाणी आहे. २०१० मध्ये तिथे पोहताना एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला. फलक तेव्हापासून आहेत, तरीही फोटोसाठी गुडघाभर पाण्यात उतरणारे लोक आम्ही पाहिले. खाडीचं तोंड, खारफुटी आणि संथ गढूळ पाणी जिथे असेल तिथे अंदमानात कुठेही उतरायचं नाही. उघड्या समुद्रातल्या आखलेल्या हद्दीत, उजेडात, जीवरक्षकाच्या नजरेसमोर पोहायचं.

वाराही ध्यानात घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी वारा ईशान्येचा असतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर पाणी उसळतं आणि गढूळ होतं, तर राधानगर बेटाच्या आडोशाला शांत राहतं. मेच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्या आधी इथे पोचतो आणि चित्र उलटतं : राधानगरला मोठ्या लाटा आणि आत ओढणारं पाणी, तर पूर्वेला त्या मानाने निवांत. मधले फेब्रुवारी ते एप्रिल दोन्हीकडे बरे. त्यातही एप्रिलमध्ये समुद्र तळ्यासारखा होतो, मात्र उकाडा सोसावा लागतो.

दहानंतर ऊन वर आलं की किनाऱ्यामागच्या दुकानांच्या ओळीत बसावं. एका दीदीकडे केळीच्या पानावर भात, डाळ, बटाट्याचे तळलेले काप आणि मोहरीच्या रश्श्यातली तांबोशी मिळाली. ओल्या नारळाच्या वाटपाची सवय असलेल्या जिभेला पहिला घास झोंबतो. मोहरी नाकात जाते. “भात आधी, रस्सा थोडा-थोडा,” दीदी म्हणाल्या आणि त्यांनी न मागता लिंबाची फोड ठेवली. तिसऱ्या घासाला माशाची गोडी लागायला लागते. तांबोशी सकाळचीच होती, काट्यापासून मांस अखंड सुटत होतं.

तीननंतर दिवसाच्या सहलीच्या गाड्या येतात आणि सूर्यास्ताला तीन-चारशे माणसं सहज जमतात. किनारा मोठा असल्याने डावीकडे, दक्षिणेला, दहा मिनिटं चाललं की जागा मोकळी मिळते. सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांत काळोख होतो. बस कमी आणि शेवटची लवकर सुटते, त्यामुळे रिक्षा केली असेल तर परतीसकट ठरवा आणि थांबायचा वेळही बोलून घ्या. सूर्यास्तानंतर तिथे रिक्षा शोधणाऱ्याला सांगतील ते भाडं द्यावं लागतं.

मग राहावं का राधानगरला? सोयी थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यातल्या बऱ्याचशा महाग. संध्याकाळी जेवायला बाहेर पर्याय जवळपास नाहीत. पण ज्यांना रोज सकाळ-संध्याकाळ पोहायचंच आहे, बाजार आणि डायव्हिंगची गरज नाही, त्यांनी खुशाल दोन रात्री इथे घालवाव्यात. पहाटेच्या त्या दोन तासांसाठी जास्तीचे पैसे योग्य आहेत. चार रात्री मात्र नकोत.

दिवस चौथा : पाण्याखालचं हॅवलॉक, आणि पूर्वेचं चांदणं

एलिफंट बीचला धक्क्यावरून बोट जाते. राधानगरच्या रस्त्यावरून एक जंगलवाटही आहे, पावणेदोन-दोन किलोमीटरची. ती नेहमी खुली नसते आणि शेवटचा टप्पा खारफुटीतून जातो, भरतीला तिथे पाणी भरतं. आधी चौकशी करून मगच निघावं. इथे राहायची सोय नाही, सकाळी जाऊन दुपारपर्यंत परतायचं. वाळूवर पांढरीफटक पडलेली प्रचंड झाडं आडवी दिसतात. पाण्यात उतरलं की पाच-सात मीटरवरच प्रवाळ लागतं. २०१० मध्ये समुद्र तापल्याने अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं, त्याची मोडतोड अजून तळाशी आहे. त्यामध्येच नवी वाढ दिसते, हाताच्या पंजाएवढी जांभळी झुडपं. पोहणाऱ्यांनी पायाच्या झापा खाली आपटू नयेत, एका फटक्यात काही वर्षांची वाढ जाते.

पहिल्यांदा डायव्हिंग करणाऱ्यांना बहुतेक केंद्रं निमो रीफला नेतात. किनाऱ्यावरूनच आत चालत जायचं असतं, बोटीतून उडी मारायची नसते, त्यामुळे धास्ती कमी. सकाळची वेळ मागून घ्या. सर्दी असेल तर जाऊच नका, कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. नाक दाबून हलकेच फुंकर मारायची ती प्रत्येक मीटरला, कान दुखायला लागण्याच्या आधी. डायव्हिंगनंतर विमानात बसायला एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. म्हणून डायव्हिंग सहलीच्या मध्यात ठेवायचं, शेवटी नाही.

संध्याकाळी मात्र राधानगरला गेलो नाही. प्रतिपदा होती. पूर्वेला सूर्यास्त दिसत नाही म्हणून लोक विजयनगरला कमी लेखतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथे काय होतं ते सांगायला हवं. सूर्य मागे जंगलात गेला, काळोख झाला, ओहोटी नुकतीच परतायला लागली होती. सव्वासहाच्या सुमारास समोरच्या समुद्रातून, थेट पाण्याच्या रेघेवर, शेंदरी चंद्र वर आला. आधी विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, मग पितळेसारखा. ओल्या तळावरच्या शेकडो डबक्यांत तो एकेक करून उमटत गेला. दुपारी ज्या कोरड्या तळाकडे बघून माणसं खट्टू झाली होती, तोच आता लखलखत होता. पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस हे साधून पूर्वेला राहावं.

याच वेळेला वाळूतल्या सँडफ्लाय चावतात. डासापेक्षा बारीक, आवाज नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि आठवडाभर राहते. ओल्या वाळूवर, वाहून आलेल्या शेवाळाच्या ओळीजवळ बसू नये. पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा, त्यात त्या चिकटतात. खाजवलं की जखम चिघळते, त्यामुळे मलम बरोबर असावं.

दिवस पाचवा : नील

नील, म्हणजे शहीद द्वीप. हॅवलॉकहून बोटीने तासाभराच्या आत. गावांची आणि किनाऱ्यांची नावं रामायणातली : भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सीतापूर. बेट एवढंसं की सायकलने तासाभरात या टोकापासून त्या टोकाला जाता येतं. सगळीकडे भाजीचे मळे. आई-वडिलांना घेऊन आलेल्यांनी हॅवलॉकची एक रात्र कमी करून ती इथे द्यावी. अंतरं कमी, चढ नाहीत, आवाज नाही.

भरतपूर धक्क्याला लागून, पाणी उथळ, काचेच्या तळाच्या बोटी इथूनच सुटतात. इथेही हॅवलॉकच्या पूर्वेसारखंच : ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं, भरतीला अप्रतिम. द्वितीयेला साडेअकराच्या आसपास भरती होती, म्हणून आम्ही साडेदहा ते साडेबारा पाण्यात होतो. लक्ष्मणपूरला सूर्यास्त. वाळूची लांब पांढरी जीभ समुद्रात गेलेली, माणसं तुरळक. राहायला आम्हाला हाच भाग आवडला. भरतपूरपासून लांब नाही आणि संध्याकाळ दाराशी.

दिवस सहावा : पूल आणि सीतापूर

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे. गावकरी तिला हावडा ब्रिज म्हणतात. ती गाठायची ती ओहोटीतच. भरतीला वाट पाण्याखाली जाते. तृतीयेला सकाळी सव्वासहाला पूर्ण ओहोटी होती, म्हणून पावणेसहाला निघालो. दुपारच्या ओहोटीला इथे रीघ लागते, पहाटे आमच्याखेरीज एक कोळी होता. मृत प्रवाळाचे कातळ शेवाळाने निसरडे झालेले, त्यामुळे पाऊल सपाट टाकायचं, टाचेवर भार द्यायचा नाही. कोळ्याने एका डबक्याकडे बोट दाखवलं. दगडात रुतलेला मोठा शिंपला, ओठ निळे-हिरवे मखमली. त्याने वरून हाताची सावली धरली तसे ओठ मिटले. “शिंपल्याला डोळे असतात,” तो हिंदीत म्हणाला. ते खरंच आहे, ओठांच्या कडेला प्रकाश ओळखणारे बारीक ठिपके असतात.

सीतापूर पूर्वेला, सूर्योदयाचा किनारा. वाळू चांगली, पण पाणी लवकर खोल होतं आणि वारा असेल तर लाट जोरात आपटते. मुलांना इथे सोडू नका. किनाऱ्यामागच्या टपरीवर शहाळं प्या आणि मलई काढून मागा. शहाळ्याच्याच सालीचा चमचा करून देतात.

दिवस सातवा : परत

नीलहून दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. बेटावरून निघायचा आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि पुढची जागा लगेच मिळत नाही.

पुन्हा जाणाऱ्यांसाठी रात्रींची आमची वाटणी : पोर्ट ब्लेअर एक, विजयनगर दोन, राधानगर एक, नील दोन, शेवटी पोर्ट ब्लेअर एक. राधानगरची रात्र परवडत नसेल तर विजयनगर तीन, आणि एका पहाटे स्कूटरने राधानगर. तारखा ठरवताना विजयनगरच्या रात्री पौर्णिमेनंतर येतील असं बघा.

किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणायला कायद्याने बंदी आहे, मग ते मेलेलं का असेना. बऱ्याच शंखांनाही हेच लागू आहे, आणि विमानतळावर सामान क्ष-किरणांखालून जाताना ते हमखास दिसतात. तपासणीच्या टेबलाशेजारी काढून घेतलेल्या वस्तूंचा एक ट्रे होता. पांढऱ्या प्रवाळाच्या फांद्या, कवड्या, आणि वर एक गुळगुळीत पिवळसर शंख. मुठीएवढा, तोंड अख्खं, विजयनगरच्या ओहोटीत एखाद्या खेकड्याने आधी चाचपून मग मापून घेतला असता असा.